‘फॉल आउट’ आणि खडकीचें रण

इंग्रजींत क्रियापदास एखादें इवलेंसें अव्यय चिकटलें कीं त्याचें गोत्रच बदलतें. ‘फॉल’ म्हणजे पडणें व ‘आउट’ म्हणजे बाहेर, हें पाठ असलेल्या आमच्या विद्यार्थ्यास ‘फॉल आउट’ हें पद वाक्यांत भेटलें म्हणजे तो गोंधळतो. केस गळतात तें ‘फॉल आउट’. दोन स्नेह्यांचें बिनसतें तेंही तेंच. एखादी गोष्ट घडून आली, असें सांगण्यासही जुने इंग्रज ग्रंथकार हेंच पद योजीत. आणि कवायतीच्या मैदानावर तो रांग सोडण्याचा हुकूम होय. खडकीसारख्या लष्करी ठाण्यांत तर ‘फॉल इन’ व ‘फॉल आउट’ ही जोडी इंग्रजीचें अक्षर न शिकलेल्या शिपायाच्याही तोंडीं बसली.

याच खडकीच्या माळावर ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं जें रण झालें, तें वर्णूं लागल्यास या पदाचे निरनिराळे अर्थ एकाच ठिकाणीं येऊन उभे राहतात.

त्या दिवशीं रेसिडेंट एल्फिन्स्टन संगमावरील बंगला सोडून छावणीस जाऊन मिळाला. मागें त्याचा बंगला ग्रंथांसह जळाला. कर्नल बर याच्यापाशीं सुमारें २,८०० माणसें होतीं. पेशव्यांकडे नुसतें घोडदळच १८,००० असल्याचें ग्रँट डफ सांगतो, आणि तो स्वतः तेथें हजर होता. बाजीराव पर्वतीवरून पाहत होते. पेशव्यांकडील डी पिंटोच्या पलटणीस मागें रेटण्याच्या भरांत कंपनीच्या सातव्या रेजिमेंटची पहिली पलटण पाठलाग करीत ओळ सोडून पुढें गेली. येथें हुकुमावांचूनच ‘फॉल आउट’ झालें. बापू गोखल्यांनीं ही फट नेमकी हेरून घोडदळ सोडलें. परंतु मध्यें दलदल होती, ती कोणाच्या ध्यानींमनीं नव्हती. भरधाव घोडे तींत रुतून कोलमडले, आणि बरानें राखून ठेवविलेली गोळी तेवढ्यांत सुटली. रांग मोडली कंपनीची, दंड भरला मराठ्यांनीं! जरीपटका ज्यांच्याकडे होता ते मोरो दीक्षित त्याच रणांत पडले. (आमचें ‘पडणें’ही कांहीं कमी मायावी नाहीं: भाव पडतो, फूट पडते, गांठ पडते, आणि वीरही पडतो.)

ती दलदल तेथें असणें ही केवळ घडून आलेली गोष्ट म्हणतां येईल. पण कंपनीचें व पेशव्यांचें ‘बिनसलें’, एवढेंच लिहून इतिहासकारानें लेखणी ठेवावी काय? बिनसणें हें क्रियापद इंग्रजी पदाइतकेंच सोयीचें आहे. त्यांत कर्ता नाहीं. जणूं दोन समान स्नेह्यांत कांहीं शब्दाशब्दी झाली. वस्तुस्थिति तशी नव्हती. जुलै १८१५ मध्यें गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरास खून झाला, त्याचा आळ त्रिंबकजी डेंगळ्यांवर आला, ठाण्याच्या किल्ल्यांतून ते १८१६ मध्यें निसटले, आणि जून १८१७ च्या तहानें पेशव्यांस मराठेशाहीच्या प्रमुखपणावर पाणी सोडावें लागलें. तत्पूर्वींच सिंहगड, पुरंदर व रायगड कंपनीनें ओलीस म्हणून घेतले होते. बाजीरावही कांहीं निष्पाप नव्हते. तोंडानें स्नेह बोलत त्यांनीं गुप्तपणें फौज जमविली. तरी गळ्यास फांस कोणीं लावला होता, हें त्या तहाचीं कलमें वाचणारास निराळें सांगावें लागत नाहीं.

मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्यें निघाला. त्यांतला मोल्सवर्थही मूळचा कंपनीच्या फौजेंतलाच. आम्हांस कोशाबद्दल फार आदर आहे, आणि विद्यार्थ्यांस तो उघडावयास आम्ही नेहमीं सांगतों. मात्र १८१७ च्या उत्तरांत कोणीं ‘त्यांचें बिनसलें’ असें लिहिलें, तर त्या शब्दाखालीं रेघ ओढून समासांत आम्ही विचारतों: कोणीं काय मागितलें, आणि कोणास काय द्यावें लागलें?