तारण आणि स्वाधीन

पारनेरच्या बाजारपेठेत पतसंस्थांच्या पाट्या वाचत चाललं की एक शब्द पुन्हा पुन्हा भेटतो : सोनेतारण. आत सराफ कसोटीच्या दगडावर पोत घासतो, रेघेवर ॲसिडचा थेंब सोडतो आणि रेघ टिकते का ते डोळे बारीक करून बघतो. मग दागिना काट्यावर, वजन कागदावर आणि पोत मोहोरबंद पिशवीत. पेरणी तोंडावर आली, कांद्याचा भाव पडला की गळ्यातलं असं तिजोरीत जातं.

रविवारी ख्रिस्ती वस्तीत उपासनेला बसावं, तर पाळकसाहेबांच्या तोंडी तोच शब्द. येशू तारणारा, आणि तो देतो ते तारण. लहानपणापासून मी हे दोन्ही ऐकत आलो. दोन्हींची सांगड घालावी असं कित्येक वर्षं मनातही आलं नाही.

धातू एकच, संस्कृतातला ‘तॄ’. तरणे म्हणजे पाणी ओलांडून जाणे, तारणे म्हणजे दुसऱ्याला पलीकडे नेणे. तारू त्यातलंच. तीर्थही त्यातलंच, मुळात ती नदी उतरून जायची जागा. (पारनेरमधला ‘पार’ही पैलतीराचाच असेल, असं म्हणायचा मोह होतो. तो आवरावा. गावची परंपरा पराशर ऋषींकडे बोट दाखवते.) गहाणवटीला तारण का म्हणत असतील? मराठीत पैसे बुडतात. बुडत्या पैशाला वर धरून ठेवतं ते तारण, अशी माझी समजूत आहे.

फरक आहे तो एवढाच की पतसंस्थेत तारण आपण घेऊन जायचं असतं. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला दारातूनच परत फिरावं लागतं. उपासनेत मात्र रिकाम्या हातानेच यायचं, कारण तिथे गहाण पडलेला दुसराच असतो.

पण रिकाम्या हाताने येणं सोपं नसतं. कवी नारायण वामन टिळकांच्या आयुष्याचा मोठा काळ आमच्याच नगर जिल्ह्यात गेला. ख्रिस्ती होण्याआधी या माणसाच्या मनात स्वतःच एक नवा धर्म स्थापन करायचं होतं. बुद्धी होती, वाणी होती, काव्य होतं; स्वतःच्या बळावर भिस्त ठेवायला आणखी काय लागतं? नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबल दिलं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म स्थापन करायला निघालेला माणूस शिष्य होऊन बसला. ही मला पराभवाची गोष्ट वाटत नाही, बरं होण्याची वाटते.

‘बरं होण्याची’ हे मी जाणूनबुजून म्हणतो. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत ‘सोझो’ असं एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ वाचवणे, आणि बरे करणेही. बारा वर्षं रक्तस्राव सोसणारी ती बाई. वैद्यांवर होतं नव्हतं ते सगळं घालवून बसलेली, सोनेतारणालाही काही न उरलेली. गर्दीत मागून येऊन ती येशूच्या वस्त्राला हात लावते. दुसरी, त्याचे पाय आसवांनी भिजवणारी पापी स्त्री. लूकच्या शुभवर्तमानात येशू दोघींना जे म्हणतो, ते ग्रीकात शब्दशः एकच आहे : विश्वासाचं नाव आणि ‘सोझो’. आपल्या पवित्र शास्त्रात मात्र पहिली बरी होते, दुसरी तारली जाते. अनुवादकाचा दोष नाही. मराठीत एका शब्दात दोन्ही अर्थ मावत नाहीत. पण वाचताना मी दोन्हीकडे दोन्ही अर्थ ऐकतो.

वडील गेले त्या वर्षी मला झोप येत नसे. जो भेटे तो म्हणे, खंबीर हो. मी होतही होतो, आणि रात्र तशीच सरत होती. वस्तीतल्या एका म्हाताऱ्या मावशींनी मात्र वेगळंच सांगितलं : “बाळा, तू किती धरून ठेवशील? त्याच्या स्वाधीन कर.”

स्वाधीन! संस्कृतात याचा अर्थ स्वतःच्या अधीन, कुणावर अवलंबून नसलेला. स्वावलंबनाचा यापेक्षा चोख शब्द सापडणार नाही. मराठीने त्याचं काय केलं बघा. किल्ल्या शेजाऱ्यांच्या स्वाधीन, चोर पोलिसांच्या स्वाधीन. आपल्या हातचं सोडून दुसऱ्याच्या हाती देणं, याला आपण स्वाधीन करणं म्हणतो. शब्दातला ‘स्व’ आता समोरच्याचा झाला. ‘स्वस्थ’चंही तेच. मुळात स्वतःत स्थिर असलेला, म्हणून निरोगी. पण आपण ‘स्वस्थ बस’ म्हणतो तेव्हा धडपड थांबव एवढंच सांगत असतो.

मावशींना यातलं व्याकरण ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी मोठ्याने प्रार्थना केली, मग बराच वेळ त्या शेजारी नुसत्या बसून राहिल्या. दुःख कमी झालं नाही. ते एकट्याने उचलायचं ओझं मात्र राहिलं नाही. त्या रात्री मी झोपलो.

तुमच्याही ओळखीत असं कुणी जागं असेल. त्याला खंबीर हो म्हणू नका. जाऊन त्याच्याजवळ जरा स्वस्थ बसा.