इंग्लंडमधील ‘जन्मठेप, किमान २५ वर्षे’ या शिक्षेचा अर्थ काय?

इंग्लंडमधील खून खटल्याच्या बातमीत ‘जन्मठेप, किमान २५ वर्षे’ असा उल्लेख येतो, तेव्हा गुन्हेगार २५ वर्षांनी आपोआप सुटणार, असा समज अनेकदा होतो. तो चुकीचा आहे.

इंग्लंड व वेल्सची न्यायव्यवस्था एक आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या व्यवस्था स्वतंत्र आहेत. प्रत्येक फौजदारी खटल्याची सुरुवात मॅजिस्ट्रेट न्यायालयात होते आणि ९० टक्क्यांहून अधिक खटले तेथेच निकाली निघतात. तेथील बहुसंख्य मॅजिस्ट्रेट हे वकील नव्हे, तर विनावेतन काम करणारे सामान्य नागरिक असतात. कायदेशीर बाबींसाठी विधी सल्लागार सोबत असतो. खून, बलात्कार, जबरी चोरी असे गुन्हे मात्र क्राउन कोर्टाकडे जातात.

आरोपीने तेथे गुन्हा नाकारल्यास १२ नागरिकांची ज्युरी निर्णय देते. एकमत होत नसेल, तर न्यायाधीश १० विरुद्ध २ असे बहुमतही स्वीकारू शकतात. (मुंबईतील १९५९च्या नानावटी खटल्यानंतर भारतात ही पद्धत मागे पडली.) शिक्षा किती, यात ज्युरीला स्थान नाही. तो निर्णय न्यायाधीशांचा असतो आणि २०१० मध्ये स्थापन झालेल्या सेंटेन्सिंग कौन्सिलची मार्गदर्शक तत्त्वे त्यांना पाळावी लागतात. पहिल्याच टप्प्यावर गुन्हा कबूल केल्यास साधारणतः एक तृतीयांशापर्यंत सवलत मिळते. खुनाच्या खटल्यात ती बरीच कमी असते.

खुनासाठी फाशीची शिक्षा १९६५ मध्ये थांबली. तेव्हापासून जन्मठेप अनिवार्य आहे. न्यायाधीश ठरवतात तो केवळ किमान कालावधी. प्रौढ गुन्हेगारासाठी त्याचा विचार सामान्यतः १५ वर्षांपासून सुरू होतो, घटनास्थळी चाकू नेला असल्यास २५ पासून, बंदुकीने केलेल्या खुनात ३० पासून. अतिगंभीर प्रकरणी मरेपर्यंत तुरुंगवास असतो. किमान कालावधी संपल्यावर कैद्याला पॅरोल बोर्डाकडे जाता येते, इतकेच. समाजाला धोका वाटल्यास बोर्ड सुटका नाकारते. सुटलेली व्यक्तीही आयुष्यभर अटींनी बांधलेली राहते आणि अटी मोडल्यास तिला पुन्हा तुरुंगात धाडता येते.

शिक्षा अपुरी वाटल्यास मृताच्या नातेवाइकांना स्वतः अपील करता येत नाही. मात्र खून आणि इतर ठरावीक गंभीर गुन्ह्यांत कोणीही व्यक्ती, अगदी खटल्याशी संबंध नसलेलीही, ॲटर्नी जनरलकडे फेरविचाराची विनंती करू शकते. त्यानंतर प्रकरण अपील न्यायालयाकडे न्यायचे की नाही, हे ॲटर्नी जनरल ठरवतात. त्यासाठी १९८८च्या कायद्याने घातलेली मुदत शिक्षा सुनावल्यापासून अवघ्या २८ दिवसांची होती, आणि शोकाकुल कुटुंबाच्या दृष्टीने ती फारच थोडी.