आईच्या समाधीवरची माती

यंदा नाथषष्ठीची गर्दी ओसरल्यावर आम्ही दोघे भाऊ शेतात आईच्या समाधीपाशी बसलो होतो. विषय एकच. ओट्याच्या फटीत पिंपळाचे रोप उगवले आहे, ते काढायचे की राहू द्यायचे? धाकटा म्हणाला, "दादा, पिंपळाला हात लावू नये. आपण कुठे लावला? तो आपणहून आला आहे." मी गप्प बसलो. याचे उत्तर आमच्याच गावच्या नाथांनी देऊन ठेवले आहे, हे घरी आल्यावर लक्षात आले.

आम्ही घरबारी गोसावी. आमच्यात दहन नाही, समाधी देतात. देह बसता ठेवतात, भोवती मीठ भरतात आणि वर माती लोटतात. आई गेल्यावर समाधीवर तुळस लावायची हे ठरलेलेच होते, कारण तिने जन्मभर तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घेतला नाही. पण तुळस काही जगेना. लागोपाठ तीन पावसाळे रोपे लावली. पानांच्या कडा करपायच्या आणि दिवाळीपर्यंत काड्या उरायच्या. घरात कुजबूज सुरू झाली, की आईचे काही राहून गेले असेल काय?

शेवटी शेतीचे शिक्षण घेतलेला एक जुना विद्यार्थी आला. त्याने मूठभर माती पाण्यात कालवली आणि हसला. म्हणाला, "गुरुजी, राहिले काही नाही, मीठ वर येते आहे." आमची काळी माती चिकण. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाण्याचा निचरा होऊ देत नाही. त्यात मिठातले सोडियम मातीच्या कणांना धरून बसले, की ती वाळल्यावर दगड आणि भिजल्यावर चिखल. नुसते शेणखत घालून भागत नाही. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमला हुसकावते, मग ते गोड्या पाण्याने धुऊन चराने बाहेर काढावे लागते.

समाधी उकरायची नव्हती. म्हणून भोवताली जिप्सम टाकले, उताराकडे चर काढला, ओट्यावर वीतभर खडीचा थर दिला आणि त्यावर पोयटा माती व कुजलेले शेणखत घालून उंच वाफा केला. खडीमुळे खालचा खारा ओलावा वर चढत नाही. तेव्हापासून तुळस टिकली. आईचा राग वगैरे काही नव्हता, माती बिघडली होती एवढेच!

गेलेल्या माणसावर हिरवे काही असावे ही इच्छा एकट्या आमची नाही. आपल्याच जिल्ह्यात खुलताबादला जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे. तो १७०७ साली अहमदनगरला (आता अहिल्यानगर) वारला आणि त्याला इथे आणून पुरले. कबरीवर छत नाही, वर उघडी माती आणि तिच्यात सब्जा लावलेला. भोवतीची संगमरवरी जाळी फार नंतरची, इंग्रजांच्या काळातली. या कबरीवरून वाद पुष्कळ झाले, २०२५ च्या मार्चमध्ये तर फारच. तो आजचा विषय नव्हे. मला पाहण्यासारखा वाटतो तो सब्जा. हे हंगामी झाड, फुलते, बी धरते आणि वाळते. म्हणजे पुन्हा लावायला कुणीतरी यावेच लागते. त्याची थोरली बहीण जहाँआरा १६८१ साली गेली. तिची कबर दिल्लीला निजामुद्दीन दर्ग्यात आहे. चौथरा संगमरवरी, पण वरचा मधला भाग मोकळा, मातीचा. आपल्यावर गवताखेरीज दुसरे आच्छादन नको, अशा अर्थाचा लेख तिथे आहे. बादशहाच्या लेकीने गवत मागून घेतले.

आता नाथांची गोष्ट. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली. तिथे अजानवृक्ष आहे. पुढे जवळजवळ तीनशे वर्षांनी पैठणला एकनाथांच्या स्वप्नात ज्ञानेश्वर आले आणि म्हणाले, अजानवृक्षाचे मूळ माझ्या गळ्याला लागले आहे, येऊन काढ. नाथांच्या नावावरच्या अभंगात ही हकीकत येते. नाथ आळंदीला गेले, समाधीचा शोध घेतला आणि मूळ दूर केले. याच सुमारास, शके १५०६ म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकलून नकलून तिच्यातही पाठभेदांची मुळे माजली होती. वर्गात ही गोष्ट मी कितीदा तरी सांगितली असेल. सांगताना सारा भर स्वप्नावर आणि ग्रंथावर असायचा. माळ्याच्या कामाकडे माझे कधी लक्षच गेले नाही.

स्वप्नात झाड तोडायला सांगितलेले नाही, मूळ काढायला सांगितले आहे. अजानवृक्ष आजही आळंदीला उभा आहे आणि त्याच्या सावलीत लोक पारायणे करतात. झाड पूज्य असले तरी समाधीचा गळा आवळत असेल तर त्याला आवरणे हीसुद्धा सेवाच, असे मी त्यातून समजतो. आणि ती सेवा कुणीतरी पैठणहून आळंदीपर्यंत चालत जाऊन केली होती. आम्हाला तर घरापासून शेतापर्यंतच जायचे होते.

दुसऱ्या दिवशी धाकट्याला हे सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "नाथांनी काढले ना? मग काढू." पण उन्हाळा तोंडावर होता, म्हणून मृगाचा पाऊस पडेपर्यंत थांबलो. मग फट ओली करून रोप हळूच सोडवले. मूळ ओट्याच्या आत हातभर गेले होते. आणखी दोन वर्षे थांबलो असतो तर ओटा दुभंगला असता. रोप बांधावर लावले आहे, पाने गळली पण देठ हिरवा आहे. फट चुन्याने बुजवली.

आता प्रश्न उरतो तो आमच्यानंतरचा. मुले पुण्याला असतात. वाफ्यातली माती दर दोन-तीन वर्षांनी बदलावी लागेल, चर साफ करावा लागेल. नातवाला फोनवर सगळे सांगितले. त्याने विचारले, "आजोबा, खडी किती जाड घालायची?" मी म्हटले, वीतभर. त्याने लिहून घेतले.