यंत्राचा ताप आणि त्याचा हिशेब



आमच्या चळवळीतील वडीलधारी मंडळी गिरणीतली. विणाईच्या खात्यात धागा तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवीत, आणि त्या हवेत माणूस उकडून निघे, हे आम्ही त्यांच्या तोंडून ऐकले. आज ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जेथे एके काळी कारखाने गजबजलेले असत, तेथे संगणकांच्या माहितीची मोठमोठी कोठारे उभी राहिली आहेत. त्यांत संगणकांना जोडणारी, संदेश इकडून तिकडे वळविणारी यंत्रे असतात. त्यांना स्विच म्हणतात. या यंत्रांना वीज किती लागेल आणि त्यांची खोली थंड ठेवावयास किती गारवा लागेल, हा प्रश्न नवा वाटतो. परंतु तो ज्या मापांनी सोडवितात, त्यांचा इतिहास सुमारे अडीचशे वर्षांचा आहे.

आरंभ घोड्यापासून होतो. १७८० नंतरच्या काळात जेम्स वॅटला आपले वाफेचे इंजिन खपवावयाचे होते. गिऱ्हाइकाने विचारले, हे किती घोड्यांचे काम करील? वॅटने घोड्याचे काम मोजले आणि मिनिटाला ३३,००० फूट-पौंड हे माप ठरविले. तोच अश्वशक्तीचा आकडा, म्हणजे सुमारे ७४६ वॅट. शक्तीचे हे माप श्रमातून निघाले, हे आम्हां कामगारांनी विसरू नये.

दुसरी पायरी मँचेस्टरच्या जेम्स जूलची. हा दारूभट्टीवाल्याचा मुलगा. त्याने १८४५ मध्ये वजने खाली सोडून पाण्यात वल्ही फिरविली आणि पाणी किती तापते ते पाहिले. खर्च झालेले काम नाहीसे होत नाही, ते उष्णता होऊन उरते, हे त्याने दाखविले. स्विच ना सूत कातते ना पाणी उपसते. म्हणून त्यात गेलेली जवळजवळ सगळी वीज त्याच खोलीत उष्णता होऊन बाहेर पडते. जितके वॅट आत, तितका ताप बाहेर.

तिसरे माप बर्फाचे. गारवा ‘टना’त मोजतात, तो टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. २,००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तितका हा गारवा. विजेच्या भाषेत तो सुमारे ३,५१७ वॅट होतो. १९०२ मध्ये विलिस कॅरियरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवा नियंत्रित करण्याची योजना केली, तीही कागद फुगून रंग सरकू नयेत म्हणून. तेथेही पहिली काळजी मालाची होती.

१९४६ मध्ये फिलाडेल्फियात ‘एनिॲक’ हा संगणक जगापुढे आला. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागे. आमच्या मापाने हा ४३ टनांचा ताप झाला. पंख्यांची व्यवस्था त्यात पहिल्यापासूनच करावी लागली.

आता आजच्या खोलीकडे येऊ. काही वर्षांपूर्वी एका कचेरीत आमच्या सभासदांची तक्रार आली, की संगणकाच्या खोलीत पुढे थंडीने हात आखडतात आणि कपाटांच्या मागे भट्टी पेटलेली असते. आम्ही हिशेब मागितला. तो यंत्रांच्या पाट्या पाहून केलेला निघाला.

पाटी काय सांगते? समजा, खोलीत दहा स्विच आहेत आणि प्रत्येकाला ११०० वॅटचे दोन वीजपुरवठे आहेत. पाट्यांची बेरीज २२ किलोवॅट, म्हणजे सव्वासहा टन. परंतु दुसरा पुरवठा पहिला बंद पडला तर हाताशी असावा म्हणून असतो. भर कामाच्या वेळी मीटर लावला आणि एकेक स्विच ३५० वॅट घेताना दिसला, तर बेरीज साडेतीन किलोवॅट, म्हणजे एक टन. त्यात बॅटरीच्या यंत्रणेतील गळती, दिवे आणि पुढील वाढ मिळवावी. शिवाय २००३ च्या एका प्रमाणानुसार जाळ्याची तारच दूरच्या टेलिफोनला वीज देऊ लागली, एका जोडणीस १५.४ वॅटपर्यंत. ती वीज स्विचमधून जाते, पण तिचा बराचसा ताप टेलिफोनपाशी पडतो. तिचा भार विजेत पुरता धरावा, गारव्यात मात्र पुरता धरू नये.

अंदाज फुगला तर पैसा आणि वीज वाया जाते. तोकडा पडला तर यंत्रे बंद पडतात. आणि बेरीज बरोबर असूनही गार वारा यंत्राच्या तोंडाशी पोचला नाही, गरम वारा फिरून पुन्हा आत शिरला, तर तो हिशेब कागदावरच राहतो. त्या कचेरीत नेमके हेच घडले होते. गारवा गरजेहून जास्त होता, पण चुकीच्या जागी होता.

त्या हिशेबात माणसासाठीही एक ओळ होती : दर माणशी १०० वॅट. म्हणजे तेथे काम करणारा माणूस मोजला होता, पण खोलीला ताप देणारी वस्तू म्हणून. त्याला किती ताप सोसावा लागतो, याची ओळ नव्हती. आम्ही तेवढीच एक ओळ मागितली. कपाटांच्या मागे, जेथे माणूस उभा राहून तारा जोडतो, तेथे तापमापक लावा आणि तेथील आकडा रोज लिहा. मोजल्यावाचून हिशेब नाही, आणि हिशेबावाचून हक्क मागता येत नाही, एवढेच आम्ही या इतिहासातून शिकलो.