ऑल इंडिया परवान्याची कुळकथा

अफझलगंज आणि त्याला लागून असलेला बेगमबाजार ही हैदराबादची घाऊक पेठ. धान्य, तेल, मसाले, सुका मेवा, भांडी, सगळा व्यवहार इथे पोत्यांत आणि पेट्यांत होतो. दिवसभराच्या उलाढालीची रोकड बँकेत पोचवायला जाळीच्या खिडक्यांच्या गाड्या येतात आणि गाडीच्या दाराशी गनमॅन उभा राहतो. त्याच्या खांद्यावर साधारणपणे एकनळी बारा बोर असते. ती बंदूक पुष्कळदा सुरक्षा कंपनीची नसून त्याची स्वतःची असते, कारण कंपनी नोकरी देताना माणूस आणि परवान्याची बंदूक असे एकत्रच मागते.

त्या परवान्याची वही हाताळून पाहावी. पहिल्या पानांवर फोटो, नाव, बापाचे नाव, गावचा पत्ता. मग हत्याराचा प्रकार आणि नळीवर कोरलेला नंबर. वर्षाला किती काडतुसे घेता येतील आणि एका वेळी किती जवळ ठेवता येतील, तो आकडा. पुढे नूतनीकरणाचे शिक्के, एकावर एक, काही पुसट. या सगळ्यांत एक छोटा रकाना असतो: परवाना कुठल्या क्षेत्रापुरता चालेल. तिथे कुणाच्या वहीत जिल्ह्याचे नाव असते, कुणाच्या राज्याचे, आणि थोड्यांच्या वहीत ‘संपूर्ण भारत’. लोक त्याला सरळ ‘ऑल इंडिया लायसन्स’ म्हणतात. गावाकडून हजार मैलांवर येऊन उभ्या राहिलेल्या माणसाची नोकरी या रकान्यावर टिकते किंवा जाते. हा रकाना आला कुठून, हे समजून घ्यायला अफझलगंजाइतकी चांगली जागा नाही.

पाचवे निजाम अफझलउद्दौला 1857 ते 1869 गादीवर होते. त्यांच्या नावाने मुसीच्या उत्तर काठावर ही पेठ ओळखली जाऊ लागली. त्या काळचे हैदराबाद हत्यारबंद शहर होते. अरबांच्या कमरेला जंबिया, रोहिल्यांच्या हातात लांब नळीची बंदूक, शिखांची तलवार, सरदारांच्या मागे भालाईत. काठीत पाते लपवलेली गुप्तीही ओळखीची होती, पण हैदराबादची रीत हत्यार लपवण्याची नव्हती, मिरवण्याची होती. हत्यार पाहून माणूस कुठल्या जमादाराचा, कुणाच्या पदरचा, हे कळायचे आणि त्याच्या वागण्याची जबाबदारी त्या जमादारावर यायची. कागद नव्हता. धन्याचे नाव हाच परवाना, आणि त्या नावाचा दबदबा जिथवर तिथवर त्याची हद्द.

या व्यवस्थेला तडा गेला तो अफझलगंजापासून चालत जाण्याच्या अंतरावर. 17 जुलै 1857 रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रोहिल्यांनी कोठीच्या ब्रिटिश रेसिडेन्सीवर हल्ला चढवला. दोन वर्षांनी, मार्च 1859 मध्ये, दरबारातून बाहेर पडणाऱ्या रेसिडेंट डेव्हिडसन यांच्यावर गोळी झाडली गेली. दिवाण सालारजंग सोबत होते. अरब आणि रोहिले जमादारांची ताकद मोडणे हे सालारजंगांनी मग आपल्या कारभाराचे मोठे काम मानले. या जमादारांनी सावकारी चालवली होती, वसुलीसाठी माणसे डांबून ठेवली होती. अफझलगंजासारख्या व्यापारी पेठेला हत्यारी वसुलीपासून मोकळीक हवीच होती.

ब्रिटिश हद्दीत मात्र वेगळेच घडत होते. 1878 साली व्हाइसरॉय लिटन यांच्या काळात शस्त्र कायदा आला. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचा गळा आवळणारा कायदा त्याच वर्षीचा, हा योगायोग नव्हे. परवान्याशिवाय हत्यार घेऊन फिरायचे नाही, हा नियम हिंदी माणसाला होता; युरोपीय आणि अँग्लो-इंडियन यांना सूट होती. हत्याराचा हक्क कागदावर आला आणि त्याच कागदावर कातडीचा रंगही आला. संस्थानिकांना, काही मोठ्या जमीनदारांना, मानाच्या माणसांना सुटीच्या याद्यांत जागा मिळाली. कूर्गच्या कोडवांना तर त्याआधी, 1861 पासूनच सवलत होती आणि ती कुठल्या ना कुठल्या रूपात आजवर चालू आहे.

निजामाचे राज्य या कायद्याच्या बाहेर होते. म्हणून सोलापुरातून तुळजापूरला जाणे म्हणजे हत्याराच्या दृष्टीने ब्रिटिश हिंदुस्थान सोडणे, आणि परत येणे म्हणजे आयात. 1878 च्या कायद्यात समुद्रमार्गे आणि खुष्कीच्या मार्गाने होणारी शस्त्रांची आयात-निर्यात एकाच कलमात बसवली होती. स्वतःच्या वापरापुरते हत्यार सोबत आणायला वाव होता, पण ते बाळगण्याचा हक्क ब्रिटिश कायद्याने आधी असला पाहिजे. निजामाच्या मुलखात चालत होते म्हणून इथे चालेल, अशी सोय नव्हती. एका राज्याने दुसऱ्याचा परवाना मानावा हा विचार या उतरंडीत बसणाराच नव्हता. सार्वभौम सत्ता एक, तिने द्यायचे आणि बाकीच्यांनी घ्यायचे.

शहराच्या आतही सीमारेषा होत्या. अफझलगंजातून कोठीकडे वळले की लगेच रेसिडेन्सी बाजार लागे, आजचा सुलतान बाजार. तिथला अंमल रेसिडेंटचा होता आणि 1933 मध्ये तो निजामाकडे परत आला. म्हणजे मुसीपलीकडच्या जुन्या शहरातून निघून पूल ओलांडून, धान्याची दुकाने मागे टाकून पुढे गेले की त्याच रस्त्यावर राज्य बदलायचे.

रेल्वेने हा गुंता आणखी वाढवला. वाडीहून सिकंदराबादला गाडी 1874 मध्ये सुरू झाली आणि लोहमार्गाच्या जमिनीवरचा अधिकार ब्रिटिशांकडे गेला. त्यातून एक खटला उभा राहिला आणि तो थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला. युसूफउद्दीन नावाच्या निजामाच्या प्रजाजनाला शंकरपल्ली स्टेशनात, सिमल्याच्या मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटवर पकडले होते. आरोप सिमल्यातला, रेल्वेशी संबंध शून्य. प्रिव्ही कौन्सिलने 1897 मध्ये ती अटक बेकायदा ठरवली: रेल्वेवरचा अधिकार रेल्वेच्या कामापुरता, त्याआडून निजामाच्या मुलखात दुसरे वॉरंट चालवता येणार नाही. हा खटला शस्त्राचा नव्हता. पण एका हद्दीतला कागद दुसऱ्या हद्दीत आपोआप चालत नाही, हे हैदराबादच्या भूमीवर इतक्या वरच्या कोर्टाने इतक्या स्पष्टपणे दुसऱ्यांदा सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही.

या हद्दींना न जुमानणारे एक हत्यार मात्र अफझलगंजातच दिसते. इथे अशोक बाजारात गुरुद्वारा आहे. इथल्या शिखांची मुळे 1830 च्या दशकात निजामाचे कारभारी चंदुलाल यांच्या कारकिर्दीत महाराजा रणजितसिंहांकडून आलेल्या फौजेत सापडतात. नांदेडच्या हुजूर साहिबशी त्यांचा जिवंत संबंध आहे. संगतीत बसलेल्या अमृतधारी माणसाच्या खांद्यावरून गात्रा तिरपा उतरतो आणि त्यात कृपाण असते. या कृपाणाला परवाना लागत नाही. पण हे सहज मिळालेले नाही. 1878 च्या कायद्याने कृपाणही अडवले होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात शीख पलटणींची गरज भासली तेव्हा सरकारने सूट द्यायला सुरुवात केली, आधी पंजाबात आणि मग टप्प्याटप्प्याने इतरत्र. किती लांबीचे कृपाण चालेल यावरून पुढेही धरपकड झाली, लोक तुरुंगात गेले. अखेर राज्यघटनेच्या 25 व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणे हा शीख धर्म पाळण्याचाच भाग मानला गेला. नांदेडहून निघून अमृतसरला पोचेपर्यंत जितकी राज्ये लागतात, त्यांपैकी कुणाचीही वेगळी मान्यता घ्यावी लागत नाही. देशात खरा ‘ऑल इंडिया’ परवाना कुणाचा असेल तर तो हा, आणि तो अधिकाऱ्याच्या मर्जीने नव्हे, माणसे तुरुंगात गेल्यामुळे मिळालेला आहे.

बाकीच्यांचा प्रयत्न तिथवर पोचला नाही. काँग्रेसने 1887 च्या मद्रास अधिवेशनात शस्त्र कायद्यात सुधारणा मागितली होती. 1931 च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क नोंदवला गेला. 1948 च्या डिसेंबरात घटना समितीत मध्य प्रांत-वऱ्हाडचे हरी विष्णू कामत यांनी तोच हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि दुरुस्ती फेटाळली गेली. मला आंबेडकरांचे बरोबर वाटते. देश नुकताच फाळणीच्या कत्तलींतून बाहेर पडला होता. हैदराबादचे उदाहरण तर ताजे होते: रझाकारांचा धुमाकूळ, तेलंगणात शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा, मराठवाड्याच्या सीमेवरच्या छावण्यांतून उठाव, आणि कराचीहून रात्री उडणारी ऑस्ट्रेलियन वैमानिक सिडने कॉटन यांची विमाने बीदर, वरंगळच्या धावपट्ट्यांवर निजामासाठी शस्त्रे उतरवत होती. 13 ते 17 सप्टेंबर 1948 च्या हैदराबादवरच्या भारतीय लष्करी कारवाईला तीन महिनेही झाले नव्हते.

घटनेने एक गोष्ट मात्र पक्की केली. शस्त्रे, दारूगोळा आणि स्फोटके हा विषय केंद्रसूचीत गेला. कायदा दिल्लीचा, सगळ्या देशाला एकच. 1959 चा शस्त्र कायदा 1 ऑक्टोबर 1962 पासून अंमलात आला आणि 1878 चा रद्द झाला. पण परवाना देणारा हात जिल्हाधिकाऱ्याचाच राहिला. हैदराबादसारख्या शहरात पोलीस कमिशनरचा. इथे आपल्या रकान्याचा जन्म होतो. कायदा एक, पण ज्याने माणसाची चौकशी केली त्याला आपल्याच जिल्ह्याची माहिती. म्हणून मूळ हद्द जिल्ह्याची. त्याहून मोठी हद्द हवी तर वर जायचे.

या हद्दीची सर्वांत लहान बाजूही पाहण्यासारखी आहे. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो, तो शेतापुरता. किनवट, माहूर किंवा जिवतीच्या डोंगरात रानडुकरांनी ज्वारी लोळवली की शेतकरी याच बंदुकीकडे पाहतो. जिवती तालुक्यातल्या डझनभर गावांवर तर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघांचाही दावा राहिला आहे. तिथे शेताची हद्द कळते, राज्याची कळत नाही. 1956 मध्ये मराठवाडा हैदराबादपासून वेगळा होऊन मुंबई राज्यात गेला तेव्हाही राज्याची हद्द अशीच माणसाखालून सरकली. अफझलगंजात कापूस-धान्याचा सौदा करायला येणारा नांदेडचा व्यापारी एका तारखेला आपल्या राजधानीत होता, दुसऱ्या तारखेला परराज्यात.

अमेरिकेत गोष्ट उलटी आहे. तिथे परवान्याचा कायदा राज्याराज्याचा. कपड्याआड पिस्तूल बाळगण्याचा एका राज्याचा परवाना शेजारच्या राज्याने मानायचा की नाही, हे त्या त्या राज्याने ठरवायचे. युटासारखी राज्ये परराज्यातल्या रहिवाशांनाही परवाना देतात, आणि तो अनेक राज्यांत चालतो म्हणून लोक घेतात; कॅलिफोर्निया, इलिनॉय असले परवाने मानत नाहीत. सगळ्यांनी एकमेकांचे मानावेत, असे विधेयक 2017 च्या डिसेंबरात प्रतिनिधिगृहात मंजूर झाले आणि सिनेटमध्ये अडले. तिथे राज्ये एकमेकांना मान देतात किंवा नाकारतात. आपल्याकडे जिल्ह्याला तो अधिकारच नाही. मान वरून येतो.

वरून तो कुणाला आला? मुंबईवरच्या 26/11 च्या हल्ल्यानंतर, 31 मार्च 2010 च्या धोरणात केंद्राने हे लिहूनच टाकले. राज्याने हद्द वाढवायची तर लगतच्या तीन राज्यांपर्यंत. संपूर्ण भारताचा परवाना केंद्राच्या संमतीने, आणि तोही केंद्रीय मंत्री, खासदार, लष्कर आणि निमलष्करी दलांतले लोक, अखिल भारतीय सेवांतले अधिकारी, देशात कुठेही बदली होऊ शकणारे अधिकारी आणि नेमबाज खेळाडू यांना. ही यादी वाचताना 1878 च्या सुटीची यादी आठवते. वंश गेला, पदे राहिली. यादीत कुठेही तो माणूस नाही ज्याचे पोटच परराज्यात बंदूक घेऊन उभे राहण्यावर चालते.

बंद दाराशी दलाल येतो, तसा तो इथेही आला. जम्मू-काश्मीरमधल्या अनेक जिल्ह्यांतून 2012 ते 2016 या काळात 2 लाख 78 हजारांहून अधिक परवाने बेकायदा दिल्याचा आरोप आहे. त्यातले पुष्कळ तिथले रहिवासी नसलेल्यांना. राजस्थान पोलिसांनी 2017 मध्ये हे उघडकीस आणले आणि 2018 पासून सीबीआयने तपास हाती घेतला. पुढे सनदी अधिकाऱ्यांनाही अटक झाली. हैदराबादेतही 2022 च्या सप्टेंबरात पोलिसांनी बनावट परवान्यांची एक टोळी पकडली. त्या कागदांवर सुरक्षारक्षक म्हणून माणसे कामाला लावली होती. बातम्यांत फोटो आला तो टेबलावर मांडलेल्या एकनळी बंदुकांचा.

दरम्यान परवाने राष्ट्रीय नोंदणीत आले, प्रत्येकाला क्रमांक मिळाला, 2019 च्या दुरुस्तीने मुदत तीन वर्षांची पाच झाली आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवण्याची मर्यादा आली. आता कुठल्याही कमिशनरला दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्याने दिलेला परवाना खरा की खोटा हे पडद्यावर पाहता यावे. जुन्या नियमांत एक अट होती: हत्यारासह तीस दिवसांहून अधिक काळ दुसरीकडे राहायला गेलात तर नव्या आणि जुन्या, दोन्ही ठिकाणच्या अधिकाऱ्यांना कळवा. कळवल्यानंतर नव्या ठिकाणी हद्द किती दिवसांत वाढवून द्यायची, यालाही तितकीच पक्की मुदत हवी, आणि ती गनमॅनच्या अर्जालाही लागू हवी. नाहीतर त्याला कळवण्यापेक्षा दलालाला पैसे देणे सोपे पडते, आणि बेगमबाजारातली रोकड कुणाच्या भरवशावर बँकेत जाते आहे हे कमिशनर ऑफिसलाही ठाऊक नसते.