बोरघाटांतील टपालाची पिशवी

केंद्र सरकारच्या सुमारें १२ लाख नोकरांच्या ई-मेलची व्यवस्था २०२५ पर्यंत एका यंत्रणेवरून दुसऱ्या यंत्रणेवर नेण्यांत आली. नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरची जुनी मांडणी जाऊन झोहो कंपनीची नवी आली. पत्ते मात्र पूर्वीचेच राहिले. वाहक बदलावा आणि पत्र धाडणाऱ्यास त्याचा पत्ता लागूं नये, हेंच अशा स्थलांतराचें इंगित. टपालास ही अडचण नवी नाहीं. मुंबई-पुण्याचें टपाल रस्त्यावरून रुळांवर गेलें, तेव्हां या अडचणीचा मुक्काम कर्जत-खालापूरच्या मुलखांत तब्बल सात वर्षें पडला होता.

पेशवाईंत महत्त्वाचीं पत्रें जासुदांच्या जोडीबरोबर जात. वाटेंत एकास ताप भरला तर दुसरा पुढें जाई. दोन माणसांचा खर्च व्यर्थ नव्हता. १८३० सालीं सर जॉन माल्कम गव्हर्नर असतां बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. मुंबईहून खाडीनें पनवेल, तेथून चौक, खालापूर, खोपोली आणि मग घाट, असा पुण्याचा राबता पडला. खोपोलीस नाना फडणविसांनीं बांधविलेलें विस्तीर्ण तळें व महादेवाचें देऊळ आहे. चढ चढण्यापूर्वीं दम घेण्यास याहून चांगली जागा त्या वाटेवर क्वचितच असेल.

१ ऑक्टोबर १८५४ पासून हिंदुस्थानांत कोठेंही जाणाऱ्या पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा हा एकच दर झाला. पूर्वीं जितकें अंतर अधिक तितकें हंशील अधिक असे. आतां पत्रें वाढणार हें उघडच होतें. त्याच सुमारास जी. आय. पी. रेल्वेचे रूळ पुढें सरकत होते. १८५३ सालीं ठाणें, १८५४ सालीं कल्याण आणि १२ मे १८५६ रोजीं खोपोली. पुढें १४ जून १८५८ रोजीं खंडाळा ते पुणें हा तुकडाही सुरू झाला. खालीं गाडी, वर गाडी आणि मध्यें सह्याद्रीचा कडा!

हा मधला काळच खरा कसोटीचा. खोपोलीस उतरलेला उतारू पालखींत, तट्टावर किंवा बैलगाडींत बसून खंडाळा गांठी. टपालाची पिशवीही त्याच जुन्या रस्त्यानें वर जाई. वाफेच्या इंजिनाचें वेळापत्रक बैलाच्या पावलाशीं जुळवावयाचें, आणि तेंही घाटांतल्या पावसांत. अशा अर्धवट व्यवस्थेस हंसणें सोपें आहे. परंतु रेल्वे येणार म्हणून १८५६ सालींच कोणी रस्त्याची डाक मोडली असती, तर पुणेंकरांचीं पत्रें खोपोलीच्या तळ्याकांठींच राहिलीं असतीं. जुनी वाट जागती ठेवली, म्हणूनच नवी वाट बांधावयास अवधि मिळाला.

तो अवधि स्वस्तांत मिळाला नाहीं. घाटांतला लोहमार्ग अवघा १५¾ मैलांचा. पण चढ १८३१ फुटांचा आणि बोगदे २५. आंखणी जेम्स बर्कले यांची. पहिले कंत्राटदार फॅव्हिएल यांनीं १८५९ सालीं काम सोडलें. त्यांच्या जागीं आलेले सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षीं, येथें पाऊल ठेवल्यावर थोडक्याच दिवसांत वारले. तेव्हां त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनीं कंत्राट आपल्याकडे ठेवून अनुभवी इंजिनियरांकरवीं तें तडीस नेलें. १८६१ सालीं कामावर ४२ हजारांहून अधिक माणसें होतीं. पटकीनें व अपघातांनीं हजारों मजूर दगावले. पुण्यास वेळेवर पोंचणाऱ्या अर्ध्या आण्याच्या पत्रामागें हा हिशेबही धरावयास हवा. टपालाच्या दरांत तो कधींच दिसत नाहीं.

२१ एप्रिल १८६३ रोजीं घाटमार्ग खुला झाला आणि गाडी पळसदरीवरून सरळ वर चढूं लागली. मुंबईची पिशवी आतां घाटाखालीं न उतरतां पुण्यास जाऊं शकत होती. त्याच सालीं तिकडे अलाहाबाद-कानपूर मार्गावर चालत्या गाडींतच पत्रें निवडण्यास आरंभ झाला.

या बदलांत कर्जतचें भाग्य उघडलें. चढावर गाडीस जोर देणारीं जादा इंजिनें तेथें जोडूं लागले. खोपोली मात्र हमरस्त्यावरून फांद्यावर गेली. कर्जतहून सुटणारी लोकल आजही पळसदरीस मुख्य मार्ग सोडून केळवली, डोळवली, लौजी करीत खोपोलीस पोंचते, आणि घाट समोर दिसत असतां तेथेंच थांबते.