तळटीप : ऊर्जेचा मनोरा

वनस्पतींनी सूर्यप्रकाशातून साठवलेली ऊर्जा अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर, म्हणजे पोषणपातळीवर, किती उरते हे दाखवणारी ही आकृती होय. खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग श्वसन, हालचाल व शरीराची ऊब यांत खर्च होत असल्याने आणि काही न पचताच विष्ठेवाटे जात असल्याने पुढच्या पायरीला ढोबळमानाने १० टक्केच मिळते, या हिशेबाचा पाया रेमंड लिंडमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये घातला. अमरावती व अकोला जिल्ह्यांत पसरलेल्या मेळघाटात पावसाळा सरता सरता अळ्या सागाची पाने अशा कुरतडतात, की शिरांची जाळी तेवढी शिल्लक राहते. तेथून प्राणिसृष्टीत शिरलेली ऊर्जा कीटक, सरडा, रानपिंगळा अशी वर चढताना आटत जाते. गवत, सांबर, वाघ ही साखळी आखूड असली, तरी एका वाघाला वर्षाकाठी चितळाएवढी सुमारे ५० जनावरे लागतात, आणि शिकार होऊनही त्यांची संख्या टिकायची तर रानात अशी सुमारे ५०० जनावरे असावी लागतात. त्यामुळे मेळघाटातील बोरी, कोहा, कुंड ही गावे उठल्यावर तेथे वाढलेल्या कुरणांचे मोल मोठे आहे. मात्र ती गावे सोडणाऱ्या कोरकू कुटुंबांनी सोसलेली झळ या मनोऱ्यात कोठेही मांडलेली नसते, हेही नोंदवणे अगत्याचे आहे.